बोगद्याएवढा एकांत

नेरळहून निघालेली माथेरानची छोटी गाडी डोंगर चढू लागली की डब्यातल्या कॉलेजच्या पोरांचं लक्ष बाहेरच्या दरीकडे कमी आणि पुढच्या वळणाकडे जास्त असतं. पुढे बोगदा असतो. या सुमारे 21 किलोमीटरच्या मार्गावर बोगदा हा एवढा एकच, आणि त्याचं नाव 'वन किस टनेल'. आतला अंधार एका चुंबनापुरता टिकतो, दुसऱ्याला वेळ मिळत नाही, म्हणून हे नाव. ते ठेवलं साहेबाच्या काळात, पण त्यातला काटकसरीचा हिशेब अगदी आपल्याकडचा वाटतो.

डोंबिवलीच्या एका जोडप्यानं हा बोगदा पहिल्यांदा पाहिला तो 1986 च्या डिसेंबरात. लग्नाला अकरा दिवस झाले होते. नवरा बँकेत कारकून, नवरी शाळेत शिक्षिका. सोबत एक सुटकेस आणि सासूबाईंनी दिलेली कापडी पिशवी. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि 'डोंगरावर काही मिळत नाही' म्हणून भरलेला किलोभर चिवडा. या गाडीचे रूळ दोन फुटांच्या अंतराचे, त्यामुळे डबाही त्याच मापाचा. समोरच्या बाकावर सहा जणांचं एक कुटुंब बसलेलं, गुडघ्यांना गुडघे टेकलेले. पिशवी ठेवायला जागा नाही, म्हणून ती नवरदेवाच्या मांडीवर. बोगदा आला, अंधार झाला, बोगदा गेला. उजेडात पाहिलं तर नवरदेवाच्या दोन्ही मुठी पिशवीच्या बंदांवर घट्ट आवळलेल्या. 'माकडं ओढून नेतात, म्हणून धरली होती,' असा त्या नवरदेवाचा, म्हणजे आताच्या काकांचा, खुलासा आहे. बोगद्याच्या आत माकडं कुठून येणार होती, या काकूंच्या प्रश्नाला मात्र इतक्या वर्षांत उत्तर मिळालेलं नाही.

घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक नव्या सुनेला ही गोष्ट सांगितली जाते. काकूंच्या सांगण्यात आता बोगदा थोडा लांब झाला आहे आणि पिशवी बरीच मोठी.

माथेरान हे ठिकाण इंग्रजांच्या नकाशावर आलं 1850 मध्ये. ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना जवळचा गारवा सापडला. रेल्वे आली 1907 मध्ये, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून आणि चिकाटीतून. वर मोटारीला बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढायच्या रिक्षेतून जायचं. आता त्या हातरिक्षांच्या जागी ई-रिक्षा येत आहेत. लाल मातीच्या वाटा, दोन्ही बाजूंना जांभळीची गर्द झाडी, आणि झाडी संपली की एखादा पॉइंट: लुईसा, एको, पॅनोरमा आणि अर्थात हनिमून पॉइंटसुद्धा. मुंबई-ठाण्याच्या नोकरदार जोडप्याला हे सगळं सोयीचं होतं. कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं, तीन दिवसांची रजा पुरायची. ज्यांची ऐपत थोडी बरी, ते महाबळेश्वरला जात. त्याहून बरी असेल तर उटी. काश्मीर सिनेमात.

'मधुचंद्र' हा शब्दसुद्धा इंग्रजीवरूनच बेतलेला, पण मराठीनं तो इतका आपलासा केला की 1967 मध्ये राजदत्तांचा पहिला चित्रपट त्याच नावानं आला. त्यानंतर तीन वर्षांनी आलेला राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' तर या विषयाच्या मुळाशीच गेला. मुंबईच्या चाळीतलं भरलेलं घर, नवं लग्न, आणि दोघांना निवांत बोलायला कोपरा नाही. हीच गोष्ट पुढे 1972 मध्ये हिंदीत 'पिया का घर' म्हणून गेली, कारण अडचण फक्त मराठी नव्हती. प्रेक्षक हसले, कारण बहुतेकांच्या घरी तेच चाललं होतं. स्वयंपाकघरात ओट्याखाली गादी, मध्ये साडीचा पडदा, पलीकडे आजोबांचा खोकला. डोंबिवलीच्या त्या घरातही दोन खोल्या होत्या आणि माणसं सात.

म्हणून फिरायला जाणं ही चैन असली तरी तिच्या पोटात एक साधी निकड होती. डोंगर, दरी, सूर्यास्त हे वर्णनात सांगायचं. खरी गोष्ट होती ती दाराला आतून लावायची कडी.

त्याआधीच्या पिढ्यांनी काय केलं? त्यांनी देवाला बरोबर घेतलं. लग्नाच्या पूजेनंतर घरातली मोठी माणसं म्हणत, 'जोडीनं जाऊन या.' कुलदैवताला जायचं, पण जोडीनं. या 'जोडीनं' शब्दात परवानगीही आहे आणि अटही. जेजुरीला खंडोबाच्या पायऱ्यांवर आजही हे पाहायला मिळतं. नवरदेव नवरीला उचलून घेतो आणि पायऱ्या चढतो. रिवाज पाच पायऱ्यांचा. अंगात रग असेल तर पुढे जायला कुणी अडवत नाही. गावात गड 'नऊ लाख पायरी'चा म्हणून ओळखला जातो. मोजायला गेलं तर पायऱ्या काही शेकड्यांत आहेत, पण कडेवर बायको घेतलेल्या माणसाला नऊ लाख हा आकडा खोटा वाटत नाही.

तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. आत्या, मावश्या, करवल्या बाजूला उभ्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतंय. नवरदेवाच्या डोक्यावरचं पागोटं कलतं, भंडाऱ्यानं पायरी पिवळीधमक आणि घसरडी झालेली, नवरीचा शालू त्याच्या पायात येतो. ती एका हातानं त्याची मान धरते, दुसऱ्यानं शालू वर ओढते आणि दातांवर दात ठेवून पुटपुटते, 'पडू नका हं!' लग्न ठरल्यापासूनचं हे बहुधा तिचं पहिलं मोकळं वाक्य. चारशे लोकांच्या देखत ती दोघं इतकी जवळ असतात आणि कुणाचीही हरकत नसते, उलट 'येळकोट'चा गजर होतो. पाचव्या पायरीवर तो तिला खाली ठेवतो. ती पदर सारखा करते. मग पुन्हा दोघांत हातभर अंतर. याच वाटेवर मध्यावर खंडोबाच्या दुसऱ्या बायकोचं, बाणाईचं, देऊळ लागतं आणि वर गडावर म्हाळसा. खुद्द देवालाही संसार एका छपराखाली जमला नव्हता, हे जाता जाता समजून घ्यायचं.

महाबळेश्वरचा एकांत घड्याळावर चालतो. वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी बांधून घेतला. त्यात आता नावा फिरतात, त्या ठरावीक वेळेसाठी. वेळ संपली की काठावरून हाक येते. काठावर घोडे, भाजलेली कणसं, स्ट्रॉबेरी विथ क्रीमचे उंच ग्लास. नावेत नवखा नवरा वल्ही उलटी मारतो, नाव जागच्या जागी गोल फिरते, आणि दोघांना हवं ते अंतर काठापासून मिळायच्या आत पैसे संपतात.

तिथून बारा-तेरा किलोमीटरवर आर्थर सीट आहे. 'सगळ्या पॉइंटांची राणी' म्हणून गाइड ते दाखवतो. खाली सावित्रीचं खोरं, समोर डोंगरांचे थरावर थर. हे नाव ज्या आर्थर मॅलेटचं, त्याच्याविषयी असं सांगतात की त्याची बायको आणि लेकरू सावित्रीच्या पाण्यात बुडून गेलं, आणि तो इथे बसून तासन्‌तास त्या नदीकडे पाहत राही. गाइड हे दोन वाक्यांत उरकतो. समोर ताज्या मेंदीचे हात आणि कोऱ्या बुटांची जोडपी असतात. त्यांना तो पुढच्या पॉइंटकडे नेतो, जिथे हलक्या वस्तू खाली टाकल्या तर वारा त्या परत वर फेकतो. टोपी टाकायची, ती उडून येते, टाळ्या.

मग मराठी पर्यटन कंपन्यांनी एक नवलाची गोष्ट केली. त्यांनी हनिमूनचीच सामुदायिक सहल काढली. एक बस, वीस-पंचवीस नवी जोडपी आणि माइक हातात घेतलेला टूर लीडर. सकाळी सातला नाश्त्याला वरणभात-पोळीची माणसं पोह्यांसाठी रांगेत, नऊला बस, संध्याकाळी अंताक्षरी आणि 'आदर्श जोडी' स्पर्धा. बाहेरच्याला हसू येईल, पण त्यामागे शहाणपण होतं. ठरवून झालेल्या लग्नात दोन अनोळखी माणसांना एकदम पाच दिवस एकमेकांसमोर बसवलं, तर बोलायचं काय? पंचवीस जोडप्यांत ती अडचण वाटली जाते. मनालीला बर्फात घसरलेल्या नवऱ्याला उचलायला इतर चोवीस नवरे धावतात. त्या सहलींतून झालेल्या ओळखी पुढे मुलांच्या मुंजींपर्यंत टिकल्याची उदाहरणं पुण्यात-ठाण्यात घरोघरी सापडतील. एकांत कमी मिळाला, पण तो मिळेपर्यंत धीर यायला माणसं मिळाली.

काका-काकूंचा मुलगा मात्र या कुठल्याच वाटेनं गेला नाही. तो आणि त्याची बायको भेटले तेच डोंगरात. रविवारचा ट्रेक, अनोळखी तीसजण, पावसानं शेवाळलेला एक रॉक पॅच. तिनं वरून हात दिला, त्यानं तो घेतला आणि नंतर सोडायला थोडा उशीर केला. लग्नानंतर सासूबाईंनी माथेरानचं नाव काढलं तेव्हा सून म्हणाली, 'आई, आम्ही हरिश्चंद्रगडाला जाणार आहोत.' काकूंना वाटलं, नवससायास असेल काही.

ट्रेकला निघालेल्या जोडप्याची पहिली परीक्षा घरातच होते, सॅक भरताना. तंबू कुणी घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या कुणी? दोन माणसांचं ओझं बरोबर अर्धं कधीच होत नाही. त्यानं तिची सॅक हळूच हलकी केली तर ती रागावते, नाही केली तर तिसऱ्या चढावर आठवण काढते. मग चाल. एकाची चाल झपझप, दुसऱ्याची संथ. पुढचा थांबतो, मागचं पोचतं, आणि ते पोचताक्षणी पुढचा पुन्हा निघतो, कारण त्याची विश्रांती झालेली असते. डोंगरातली निम्मी भांडणं या एका कारणावरून होतात. उरलेली निम्मी वाटेवरून. गावकरी सांगतो, 'हे काय, पाच मिन्टं.' ती पाच मिनिटं त्याच्या पायांची असतात. शहरी पायांनी त्यांचा पाऊण तास होतो. घसाऱ्यावर पाय सटकतो, दम लागतो, चेहरा घामानं आणि मातीनं एकसारखा होतो, आणि ज्या माणसाला आपण ओळखतो असं वाटत होतं ते माणूस एका लिंबू सरबतासाठी कसं हळवं होतं ते दिसतं.

पावसाळ्यात तर जोखीमही खरी. धबधब्यांवर, धरणांवर, गडांवर गर्दीचे अपघात होतात म्हणून जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, आणि दर शनिवारी ते मोडून लोक जातात. निसरड्या कड्यावर एकमेकांचा फोटो काढताना मागे सरकणारी जोडपी पाहून स्थानिक वाटाडे तोंडातली सुपारी थुंकून मोठ्यानं ओरडतात. त्यात रसभंग होतो, जीव वाचतो.

मुलगा आणि सून गेली सप्टेंबरात, पाचनईच्या वाटेनं. ही त्यातल्या त्यात सोपी वाट, दोन-अडीच तासांची. पायथ्याच्या घरात रात्रीचा मुक्काम. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणामातीचा लेप, चुलीचा धूर. जेवायला पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा. वाढणाऱ्या बाईनं आधी सुनेच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र सॅकच्या आतल्या कप्प्यात होतं, कारण चढताना ते झाडीत अडकतं. सुनेनं ओळखलं आणि ते काढून दाखवलं. बाईला हसू आलं. 'तसं नाही गं,' ती म्हणाली, 'पण इचारावं लागतं.'

हे विचारणं कधी कधी भाकरीइतकं मऊ नसतं. 2015 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसएक जोडप्यांना चौकीत नेलं. त्यावर बरीच टीका झाली; सज्ञान माणसांनी बंद दाराआड बसण्यात गुन्हा कुठला, असं लोक उघडपणे विचारू लागले. 2021 मध्ये बोरिवलीत एका सोसायटीसमोरच्या रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'नो किसिंग झोन' असं रंगवलं गेलं. लॉकडाउनमुळे बागा आणि चौपाट्या बंद, घरं भरलेली, तेव्हा जोडपी त्या रस्त्याकडेला येऊन थांबत होती. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड आणि शहराकडे पाठ करून बसलेल्या रांगाच रांगा पाहिल्या की कळतं, या शहरात पाठ हीच भिंत आहे.

पाचनईच्या घरातला नवरा रात्री अंगणात बसला होता. सुनेनं विचारलं, 'तुम्ही दोघं कुठं फिरायला जाता का?' तो बायकोकडे पाहून हसला. शनिवार-रविवार तर त्यांना धंद्याचा, पाहुण्यांचा. 'नवरात्रात कळसूबाईला जातो जोडीनं,' बाई म्हणाली. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. लोक त्याला ट्रेक म्हणतात, हिच्या दृष्टीनं ती यात्रा. वर जाताना लोखंडी शिड्या आहेत. 'शिडीवर हे पुढं असत्यात,' ती म्हणाली, 'आन्‌ मागं बघत नाहीत.' नवऱ्यानं विडी विझवली.

सकाळी ही दोघं गडावर पोचली. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या थंडगार पाण्यात शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. चौथा पडला की युग संपेल, असं सांगतात. मुलगा पाण्यात उतरला, सून उतरली नाही. टॉवेल तिच्या हातात होता. मग कोकणकडा. हा कडा आत वळलेला, अर्धगोल, आणि काठाशी उभं राहून पाहायचा नाही. पालथं झोपून, छाती दगडाला टेकवून, डोकं तेवढं पुढे काढायचं. एकानं पाहायचं, दुसऱ्यानं घोटे धरायचे. तिनं त्याचे घोटे धरले. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, ती तिनं एका हातानं खोचली आणि पुन्हा धरलं. मग तो मागे सरकला आणि ती पुढे झाली.

आठच्या सुमारास सूर्य पाठीमागून वर आला. खाली दरी धुक्यानं भरलेली. त्या पांढऱ्या पडद्यावर दोन सावल्या पडल्या आणि सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडं उमटलं. इंद्रवज्र. 1835 मध्ये कर्नल साइक्स यांना इथेच ते दिसलं होतं, आणि तेव्हापासून कितीतरी लोक या कड्यावर पहाटे येऊन रिकाम्या हातांनी परतले आहेत. या दोघांना ते पहिल्याच फेरीत दिसलं आणि त्याच क्षणी भांडण लागलं.

'माझ्या डोक्याभोवती आहे!'

'काय सांगतेस? माझ्या आहे. नीट बघ.'

दोघंही खरं बोलत होते. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर असताना पाण्याचे बारीक थेंब प्रकाश उलट दिशेनं परतवतात, आणि ते कडं ज्याच्या त्याच्या डोळ्यांभोवतीच रचलं जातं. शेजारी हातभर अंतरावर उभ्या माणसाला त्याचं स्वतःचं वेगळं कडं दिसतं. आपलं त्याला दिसत नाही, त्याचं आपल्याला नाही. त्या सकाळचे फोटोही तेच सांगतात. तिच्या फोनमधल्या फोटोत कडं तिच्या सावलीभोवती आहे, त्याच्या फोनमध्ये त्याच्या. एका फोटोत मात्र दोन्ही डोकी एका कड्यात आहेत. त्या वेळी दोघं एकमेकांना टेकून उभे होते, डोक्याला डोकं लावून, भांडण मिटवायला नव्हे तर फोनच्या चौकटीत मावायला. चार-पाच मिनिटांत धुकं फाटलं आणि खाली कोकणातली शेतं दिसू लागली.

अलीकडे साहसही मापात मिळतं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग होतं ते वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर. सकाळी पाणी सुटतं तेव्हा नदी खळाळते, दुपारी तिच्यात गोटे दिसतात. लाटेवर हातात हात धरायचा तर वल्हं सोडावं लागतं आणि गाइड ओरडतो. तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या नळकांड्यात हवा मोजून दिलेली. पाण्याखाली बोलता येत नाही, खुणा करायच्या. त्यात अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'; 'छान' म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे शिकवलेलं असतं, पण रंगीत मासळीचा थवा समोरून गेला की नवरा बायकोकडे पाहून आनंदानं अंगठा वर करतो, आणि प्रशिक्षक त्याला मुकाट्यानं वर घेऊन जातो.

मे संपता संपता काजवे येतात. राजमाचीच्या उधेवाडीत, भंडारदऱ्याच्या पाणलोटात, घाटघरच्या वाटेवर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडं रात्री पेटल्यासारखी दिसतात. पाऊस नीट लागला की खेळ संपतो. हाती राहतात ते दोन-तीन आठवडे. हा सगळा उजेड जोडीदाराच्या शोधासाठी असतो. नर उडता उडता ठरावीक तालात चमकतो, मादी खाली पानावर किंवा गवतात बसून, पसंत पडला तर, जरा थांबून उत्तर देते. मुलगा आणि सून एका शनिवारी तिथे गेले तेव्हा घाटात गाड्यांची रांग लागली होती. हेडलाइट, बॅटऱ्या, ब्लूटूथवर गाणी. गावातली पोरं काठ्या घेऊन फिरत होती आणि विनवत होती, 'दिवे बंद करा, दादा, त्यांना एकमेकं दिसत नाहीत.' रात्री दोनला गर्दी पांगली. सून म्हणते, मग इतका अंधार झाला की शेजारी नवराच आहे ना, ते हाक मारून विचारावं लागलं.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. 2021 च्या नोव्हेंबरात त्यांनी पेपरात कोचीच्या विजयन यांच्या निधनाची बातमी वाचली होती. चहाचं छोटं हॉटेल चालवणारे विजयन आणि त्यांची पत्नी मोहना. रोजच्या गल्ल्यातून थोडे पैसे बाजूला टाकायचे, कमी पडले तर कर्ज काढायचं, फिरून यायचं, कर्ज फेडायचं, पुन्हा निघायचं. असे दोघांनी मिळून 26 देश पाहिले. काकूंनी कात्रण फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. काका पाण्याची बाटली काढताना रोज ते वाचत आणि काही बोलत नसत. त्यांच्या गुडघ्यांची एव्हाना वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. आणि नेरळ-माथेरान गाडीसुद्धा 2019 च्या पावसात रूळ वाहून गेल्यापासून बंद होती. वरचा अमन लॉज ते माथेरान तुकडा तेवढा चालू.

गाडी पुन्हा पूर्ण सुरू झाली 2022 च्या ऑक्टोबरात. पुढच्या जानेवारीत काकांनी तिकिटं काढली आणि काकूंना आदल्या दिवशी सांगितलं. काकूंनी पिशवी भरली. या वेळी दशम्या नव्हत्या. गोळ्यांचा डबा, गरम पाण्याची बाटली, शाल, गुडघ्याचे पट्टे आणि सवयीचा चिवडा. डबा तसाच अरुंद. समोर मुंबईचं एक तरुण जोडपं, कानात एकेक इअरफोन, एकच गाणं दोघांत वाटून घेतलेलं. जुम्मापट्टीला चहा झाला. माकडं आली, एका मुलाच्या हातातला वडा घेऊन गेली. काकांनी काकूंकडे असं पाहिलं की जणू 1986 चा निकाल आज लागला.

मग पुढे डब्यात आरडाओरडा सुरू झाला. बोगदा. अंधार झाला, आणि त्याच क्षणी डब्यातले सगळे मोबाइल पेटले. प्रत्येकाला त्या अंधाराचं चित्रण हवं होतं. पांढऱ्या उजेडात सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. काका पिशवी धरून बसले होते. काकूंना इतकं हसू आलं की समोरच्या मुलीनं इअरफोन काढून विचारलं, 'काय झालं, आजी?' तोवर बोगदा संपला होता.

दोन दिवसांत दोघं शार्लोट तलावापर्यंत गेली, एको पॉइंटला घोड्यानं. काकूंनी चामडी चपला घेतल्या, काकांनी चिक्की, जी त्यांना चावत नाही. परतीच्या गाडीला गर्दी कमी होती. उतारावर ब्रेकचा करकरता आवाज, खिडकीतून वाळकं गवत, मधूनच लांब खाली नेरळची घरं. समोरच्या बाकावर एक आजोबा एकटेच झोपले होते. बोगदा यायच्या जरा आधी काकूंनी काकांच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि आपल्या शेजारी ठेवली.

'अगं, पडेल ती,' काका म्हणाले.

'पडू दे,' काकू म्हणाल्या, आणि खिडकी बंद केली.